एकटीची अंगतपंगत

नीरजा आगाशे यांच्या हातून आजवर एकही मूल वाया गेलं नाही, असं त्यांचे माजी विद्यार्थी सांगतात. त्यांतले काही चांगले वाया गेलेले आहेत. पण सांगतात तेही हेच. कर्वेनगरातल्या एका मराठी शाळेत आगाशेबाई पहिलीला शिकवतात. पाढे, शुद्धलेखन आणि जेवणाआधी साबणानं हात धुणं, या तीन गोष्टी मुलाला येत असल्या की ते कुणाच्या वर्गातून आलंय हे दुसरीच्या बाईंना विचारावं लागत नाही.

चौथी गोष्ट शनिवारची अंगतपंगत. बाकं भिंतीला सारायची, सतरंजी अंथरायची, गोल करून बसायचं, डबे उघडून मध्ये ठेवायचे आणि आपला सोडून बाकी सगळ्यांच्या डब्यांतलं खायचं. ही प्रथा शाळेत बाईंनीच सुरू केली होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. एखादा आपलाच डबा मांडीत धरून बसला, तर त्या म्हणत, "अरे, कावळासुद्धा आधी ओरडून चार जणांना बोलावतो, मग चोच लावतो. तू कावळ्याच्याही खालचा का?" कावळ्याच्या खालच्या इयत्तेत बसायची कुणाचीच तयारी नसे.

अशा वर्गात एका जूनमध्ये राजनंदिनी बराटे दाखल झाली. बराट्यांचं घर वारज्याचं. शेतं होती तिथे आता इमारती आहेत, आणि वडील विक्रम बराटे त्या इमारतींतल्या गाळ्यांचं भाडं आणि उरलेल्या जमिनीच्या कोर्टातल्या तारखा यांत गुंतलेले. मुलीची आई रुपाली पहिल्याच दिवशी वर्गाच्या दाराशी थांबून राहिली.

"बाई, आमच्या नंदीला शेंगदाणा चालत नाही."

"आवडत नाही?"

"आवडतो ओ. चालत नाही."

मग रुपालीनं बालवाडीतली हकिगत सांगितली. कुणाच्या तरी वाढदिवसाला चिक्की वाटली होती. नंदिनीनं एक तुकडा खाल्ला, ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या आणि मग श्वास लागेना. विक्रमनं गाडी उलट्या बाजूनं घालून दवाखाना गाठला. त्या रस्त्यावर उलट्या बाजूनं येणाऱ्या गाडीला काही कारण असण्याची ती बहुधा पहिलीच वेळ. थोडा उशीर झाला असता तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं; पण ज्या पद्धतीनं सांगितलं नव्हतं, ती रुपालीला पुरेशी होती.

"सासूबाई म्हणतात, घरात शेंगांची पोती आन् पोरीला दाणा चालंना, देवानं काय बघून धाडली. त्यांना पटायलाच वर्ष गेलं. तुम्हाला पटतंय ना बाई?"

"मला पटण्याचा प्रश्न नाही," बाई म्हणाल्या. "काय करायचं ते सांगा."

एवढं विचारणारी ही पहिली बाई, असं रुपाली नंतर अनेकांना सांगत असे. तिनं पिशवीतून इंजेक्शनचं एक पेन काढलं. त्रास सुरू झाला तर ते मांडीत टोचायचं, धरून ठेवायचं आणि लगेच दवाखाना. बिनसुईचा नमुना बाईंनी स्वतःच्या मांडीत इतक्या वेळा टोचून पाहिला की शिपाई चंपामावशी म्हणाल्या, "बाई, आता तरी मांडीला सोडा." बाईंनी मग चंपामावशींनाही शिकवलं. पेन टेबलाच्या खणात, कुलूप न लावता.

घरी, नवी पेठेत, बाईंनी कुटाचा डबा रिकामा केला. आपल्या हाताला, आपल्या डब्याला दाण्याचा कण नको. त्यांचे यजमान अनंतराव विमा कंपनीतून निवृत्त झालेले. काकडीच्या कोशिंबिरीत कूट नाही हे त्यांच्या पहिल्या घासाला लक्षात आलं.

"ऍलर्जी वारज्याच्या मुलीला आणि पथ्य नवी पेठेत?"

"ती माझ्याजवळ बसते."

"मीही बसतो. कधी लक्षात आलं तर."

इथवर बाईंचं काही चुकलं नाही. चुकलं ते पुढे, आणि त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं, म्हणजे अगदी नीटनेटकं.

पालकांच्या गटावर त्यांनी संदेश टाकला: उद्यापासून कुणाच्याही डब्यात कोणत्याही दिवशी शेंगदाणा, कूट, दाण्याची चटणी, चिक्की नको. सबब चालणार नाही. का नको, हे लिहिलं नाही. पहिलीच्या मुलांना त्या कारणं देत नसत आणि पालकांना त्या पहिलीच्या मुलांहून वेगळं मानत नसत.

पालक पेटले. घेवड्याच्या भाजीत काय घालायचं ते बाईंनीच कळवावं. एका आजींनी लिहिलं, शनिवारी आमच्याकडे उपास असतो, कुटाशिवायची साबुदाण्याची खिचडी म्हणजे डिंक. बाईंच्या लहरीसाठी सगळ्यांनी का, असंही कुणी विचारलं. अर्णवची आई कादंबरी, आयटीतली, तेवढी म्हणाली, "मला वाटतं आपण निदान रीझन तरी विचारू या." पण तोवर गटावर खिचडी पेटली होती आणि कारणाला कुणाला सवड नव्हती. बाईंनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी डबे उघडले तर निम्म्यांत कूट होतंच.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मग अंगतपंगत बंद करा या वर्षी. जोखीम नको."

अंगतपंगत बंद होणार नाही, असं बाई म्हणाल्या. राजनंदिनी माझ्या टेबलाशी जेवेल, शनिवारी आणि रोजही. जबाबदारी माझी.

अंगतपंगत वाचली.

वर्गाला त्यांनी हे मानाचं म्हणून सांगितलं. नंदिनी बाईंची पाहुणी. पहिले काही दिवस तिलाही गंमत वाटली. बाईंच्या शेजारी खुर्ची, समोर तिचा स्टीलचा डबा, झाकणावर मोर. नियम सगळ्यांना घालून दिले. जेवून झालं की साबणानं हात धुवायचे. ते धुतल्याशिवाय नंदिनीला हात लावायचा नाही. आपला डबा घेऊन बाईंच्या टेबलाकडे यायचं नाही. शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा, म्हणून तो प्रार्थनेनंतर पाढ्यासारखा म्हणवून घेतला जाई.

"नंदिनी कुणाच्या हातचं?"

"घेत नाही!" वर्ग एका सुरात. नंदिनीही त्यात असे. तिचा आवाज सगळ्यांत स्पष्ट.

'कुणाच्या हातचं' या शब्दांना या शहरात मोठा इतिहास आहे. बाईंचं वाचन चांगलं. तो त्यांना माहीत नव्हता असं नाही. पण आपण म्हणवून घेतो आहोत ते सुरक्षिततेसाठी, अशी त्यांची खात्री होती, आणि खात्री असलेल्या माणसाला इतिहास सहसा आठवत नाही.

नियम उत्तम पाळले गेले. फुगडीला नंदिनीचा हात धरायचा तर नळापर्यंत जाऊन यावं लागे. सहा वर्षांच्या मुलांना हात धुण्यापेक्षा हात न धरणं सोपं. मग साखळीच्या खेळात ती नसे, मग रांगेत तिच्यामागे थोडी जागा सुटू लागली. तिला कुणी चिडवलं नाही, ढकललं नाही. वर्गात भांडण होतं तेवढंही तिच्या वाट्याला आलं नाही. बाईंना हे दिसत होतं, आणि शिस्त म्हणून दिसत होतं.

दिवाळीनंतर रुपालीनं शाळेच्या फाटकाशी हसत हसत सांगितलं, "बाई, आमची नंदी घरी शाळा शाळा खेळते. सगळ्या बाहुल्यांची अंगतपंगत घालते गोल. आन् एकीला काढून पाटावर वेगळी बसवते. म्हटलं, हिचं काय चुकलं गं? तर म्हणते, काही नाही, ती पाहुणी हाय."

बाईही हसल्या. बसमध्ये बसल्यावर ते हसू गेलं. पण वर्ष निम्म्याहून अधिक पार पडलं होतं, मुलीला साधं खाजलंही नव्हतं, आणि चालू गाडीचं चाक बदलू नये असं त्यांच्या मनानं घेतलं.

डिसेंबरात अर्णव डबा घेऊन टेबलापासून चार हात लांब उभा राहिला. नियम त्याला पाठ होता.

"बाई, माझ्या डब्यात आज तूपगूळपोळी आहे. त्यात शेंगदाणा नाही. मी नंदिनीजवळ बसू?"

"पोळपाटाला काय लागलं होतं ते तुला माहितीये?"

अर्णवला पोळपाटाविषयी काही माहिती नव्हती.

"मग जागेवर."

त्यानं ते घरी सांगितलं. कादंबरीनं रुपालीला फोन केला. जे कारण जूनमध्ये गटावर पुढे आलंच नव्हतं त्याविषयी दोघी तासभर बोलल्या. संक्रांत जवळ आली होती, तिळाच्या लाडवात कूट घालतातच. कादंबरी म्हणाली, "तुमच्याच घरी करू या ना. म्हणजे प्रश्नच नको." रुपालीनं नवी कढई आणली. लोणी काळभोरच्या माहेरचा गूळ होता. तीळ भाजताना दोन्ही मुलं ओट्याशी नाक लावून उभी. लाडू वळले मुलांनीच, त्यामुळे एकही गोल नव्हता. नंदिनीनं तिथेच दोन खाल्ले, अर्णवनं मोजले नाहीत. तो म्हणाला, "मी शनिवारी आणीन. मी बाईंना सांगीन आधी." आया म्हणाल्या, सांग हं. दोघींनाही बाईंना स्वतः फोन करायचा धीर नव्हता, हे दोघींनी नंतर कबूल केलं.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी बाई नळाशी हात तपासत होत्या. अर्णव सतरंजीवरून उठला, लहानसा डबा घेऊन टेबलापाशी गेला आणि थांबला. बाई नव्हत्या. थोडा वेळ त्यानं वाट पाहिली. नंदिनीनं डबा ओळखला. तिनं हात पुढे केला.

बाई दारातून आत आल्या तेव्हा नंदिनीच्या तोंडाशी लाडू होता आणि सगळा वर्ग त्या दोघांकडे बघत होता. मुलं हसत होती. अख्ख्या वर्षात नंदिनीकडे बघून वर्ग हसला असा तो एकच प्रसंग, आणि ते हसणं चांगलं होतं. बाईंना मात्र फक्त लाडू दिसला.

"टाक! टाक ते! थुंक आधी!"

"बाई, आम्ही नंदिनीच्या घरी..."

"मोठं माणूस बोलताना मध्ये बोलायचं नाही!"

लाडू हातातून गेला. डबा कचऱ्याच्या बादलीत पालथा झाला. चंपामावशींनी नंदिनीला नळाशी नेलं, चुळा भरवल्या, हात धुतले. बाई खणातून पेन काढून तिच्या ओठांकडे, मानेकडे, श्वासाकडे बघत राहिल्या. सतरंजीवरून कुणीतरी बारीक आवाजात आठवण केली, "नंदिनी कुणाच्या हातचं घेत नाही." अर्णव रडत होता, तेही आवाज न करता, ते त्याला याच वर्गात शिकवलेलं होतं.

सूज येईना. बाईंनी रुपालीला फोन लावला.

"घाबरू नका. मी वेळेत बघितलं. तिळाचा लाडू होता, त्या अर्णवनं आणलेला. चुळा भरल्यात, पेन माझ्या हातात आहे. तुम्ही या."



"बाई," रुपाली म्हणाली, "तो माझ्याच घरचा हाय. मी आन् कादंबरीनं मिळून केलते. कढईबी नवी आणलेली. अर्णव सांगणार होता तुम्हाला."

मग सांगितलं का नाही त्यानं, हे वाक्य बाईंच्या तोंडापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. सांगत होता.

वर्गात परत जाऊन दोन वाक्यं बोलायची होती: माझी चूक झाली, लाडू चांगला होता. शाळा सुटायला थोडा वेळ होता. बाईंनी बाकं जागेवर लावून घेतली. सोमवारी बोलू, असं ठरवलं. सोमवारी प्रजासत्ताक दिनाची कवायत सुरू झाली. मधल्या सुट्टीत अर्णव समोरून गेला तेव्हा त्या त्याला एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी विचारायचं." पुढची वेळ आली नाही. तो पुन्हा टेबलाच्या चार हात अलीकडेही आला नाही.

मे महिन्यात विक्रमनं मुलीचं नाव घराजवळच्या नव्या इंग्रजी शाळेत घातलं. दाखला न्यायला रुपाली आली. तक्रार करील अशी बाईंनी तयारी ठेवली होती. उत्तरंही तयार होती.

"बाई, तुमच्यामुळं पोरगी वर्षभर सुखरूप राहिली. हे मी विसरायची नाही," रुपाली म्हणाली आणि वाकून नमस्कार केला.

तयार उत्तरांतलं एकही त्याला लागू पडेना.

नव्या वर्षी बाईंच्या वर्गात कुणालाच कसली ऍलर्जी नव्हती. तरी जूनच्या पालकसभेत त्या उभ्या राहिल्या, काही मुलांना शेंगदाण्यानं जिवावर बेततं हे सांगितलं, आणि म्हणाल्या, "एरवी काय द्यायचं ते द्या. फक्त शनिवारी कूट नको. एवढं जमेल का?" जमेल म्हणाले सगळे. गेल्या वर्षीच्या खिचडीवाल्या आजी या वर्षी धाकट्या नातवासाठी आल्या होत्या, त्यासुद्धा म्हणाल्या, "एका शनिवारचं काय ते, वरी करीन." कुणी वाद घातला नाही. बाई खाली बसल्या आणि बराच वेळ समोरच्या टेबलाच्या कडेवरून नख फिरवत राहिल्या. पालक तसेच होते, काही तर तेच. कूटही तेच.

पुढच्या संक्रांतीच्या आधी बाईंनी नवी कढई विकत घेतली. तीळ, गूळ, सुकं खोबरं, वेलची. बाकी काही नाही. अनंतराव ओट्याशी येऊन उभे राहिले.

"लाडवांसाठी कढई. मुलीसाठी लाडू. आणि मुलगी दुसऱ्याच शाळेत. पद्धतशीर आहे."

"तुम्ही बाजूला व्हा. दाणे खाल्लेत का काही सकाळपासून?"

"या घरात?"

रुपालीला त्यांनी आधी फोन केला, कशात काय आहे ते सांगितलं, कढई नवी आहे हे सांगितलं. "या की बाई, विचारताय काय," ती म्हणाली.

वारज्याच्या घरी दार सरुबाईंनी, नंदिनीच्या आजींनी उघडलं. "या बाई, बसा. पोरगी तुमचं नाव काढती बरं." नंदिनी आतून आली. उंच झाली होती. तिनं "गुड इव्हिनिंग टीचर" म्हटलं, मग जीभ चावून "नमस्ते बाई" म्हटलं.

"काय गं, नव्या शाळेत कुणाबरोबर जेवतेस?"

उत्तर रुपालीनं दिलं. "तिथं सगळ्यांना एका टेबलावर बसवतात. तिच्यासाठी बिनदाण्याचा डबा आणतात सगळे, पहिल्याच दिवशी पत्र काढलं त्यांनी. पण ही आपणहून उठून कोपऱ्यात बसती. टीचर म्हणाल्या, फार शिस्तीची मुलगी हाय."

बाईंनी पिशवीतून डबा काढला. झाकण उघडलं. लाडू सगळे गोल, एका मापाचे.

"नंदिनी, तिळगूळ. यात शेंगदाणा नाही. आईला विचार."

नंदिनीनं डब्यात पाहिलं. तिला लाडू हवा होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"अगं, बाई हायत त्या! मी विचारलंय सगळं, घे."

"नको."

"अगं का पण?"

"मी कुणाच्या हातचं घेत नाही," नंदिनी म्हणाली. आवाज तसाच, स्पष्ट. मग बाईंकडे बघून, आपलं उत्तर बरोबर आहे ना अशा चेहऱ्यानं, "बाईंनीच शिकवलंय."

रुपालीनं तिचा दंड धरला. "ओढू नका तिला," बाई म्हणाल्या. मग नंदिनीकडे वळून, फळ्यावरचं गणित सुटल्यावर म्हणत त्याच सुरात, "बरोबर आहे."

नंदिनी खूश झाली आणि आत निघून गेली.

सरुबाईंनी एक लाडू उचलला, तोंडात टाकला, चावला. "ग्वाड हाय," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, "गूळ जरा कमी पडलाय."

घरी आल्यावर अनंतरावांनी डब्याचं वजन हातानं पाहिलं.

"घेतला नाही?"

"नाही."

"का?"

"कुणाच्या हातचं घ्यायचं नाही, असं शिकवलं होतं मी."

"मग शिकवलंस चांगलं," अनंतराव म्हणाले. बोलून झाल्यावर परत घ्यावीशी वाटलेली वाक्यं त्यांच्या आयुष्यात फार नाहीत. ते उठले, त्यांनी हात धुतले, साबणानं, आणि एक लाडू घेऊन तिच्यासमोर बसून खाल्ला.

नीरजाबाईंनी नवी कढई घासली, पुसली आणि रोजच्या भांड्यांत न ठेवता वरच्या फळीवर वेगळी ठेवली. या कढईत दाणे भाजायचे नाहीत, असं त्यांनी सांगितलं.

कुणासाठी, हे अनंतरावांनी विचारलं नाही.